एकशे अठरा चारशे सात

१

न्यूझीलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या त्या गल्लीत सगळे गाड्यांच्याच धंद्यातले. आधी टायरवाला, मग पत्रे ठोकणारा, कोपऱ्यावर एक डेअरी, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, आणि तिच्या मागे युनिट नंबर सहा, प्रमोद गोसावीचं. प्रमोद गाड्या दुरुस्त करत नसे, विकतही नसे. तो त्यांच्या पत्रिका बघायचा. हे मी नाही म्हणत, त्याची बायको संपदा म्हणायची. "आमच्याकडे जोशीबुवा आहेत, फक्त अमेरिकन गाड्यांचे," असं ती पापाटोएटोच्या भाजीवाल्यालासुद्धा सांगून बसली होती.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. साठ-सत्तर सालची एखादी मस्टँग किंवा कॅमारो कुणी हौसेने बोटीतून मागवली, की त्याला पहिली धास्ती हीच असते: ही कारखान्यातून निघाली तशी आहे, की धड एकीचं, इंजिन दुसरीचं आणि कागद तिसरीचे? मग तो प्रमोदला गाठायचा. प्रमोद डॅशबोर्डवरच्या पट्टीचा नंबर बघायचा, इंजिनावर ठोकलेला बघायचा, रेडिएटरच्या आडपट्टीवरचा बघायचा. मग मागची सीट उचकटून तिच्या स्प्रिंगांत हात घालायचा, कारण कुठल्या गाडीला काय काय लावायचं ते लिहिलेला कागद कारखान्यातले कामगार तिथेच खोचून मोकळे व्हायचे. पन्नास वर्षांनी तो अर्धा उंदरांनी खाल्लेला निघे. उरलेला अर्धा पुरत असे. सगळं एकमेकांशी पटलं की प्रमोद रिपोर्टात लिहायचा, जुळते.

त्याची एक खोड होती. त्याचे वडील काशिनाथराव पुण्यात पस्तीस वर्षं आरटीओच्या दारात एजंट. तिथे गाडी नावावर करायची तर चेसिस नंबरचा छाप लागतो. ठोकलेल्या आकड्यांवर पेन्सिलीचं शिसं घासायचं, वर सेलोटेप दाबायची, हळूच ओढायची आणि फॉर्मवर चिकटवायची. काळ्या पट्टीवर पांढरे आकडे उमटतात. न्यूझीलंडमध्ये हे कुणी मागत नाही, फोटो काढला की काम झालं. पण प्रमोद प्रत्येक रिपोर्टात असा छाप लावायचाच. छाप खोटा येत नाही, हे वडिलांचं बोलणं तो गिऱ्हाइकांना इंग्रजीत ऐकवायचा आणि गिऱ्हाइकं खूश व्हायची.

२

२०१७च्या जूनमधला मंगळवार. हॅमिल्टनच्या ग्रॅहमची लाल मस्टँग आत उभी होती. ग्रॅहम डेअरीतून पाय, म्हणजे इथली खिम्याची मोठी पॅटीस, आणायला गेला होता आणि प्रमोद नेहमीसारखा बॉनेटखाली वाकला होता. नंबर स्वच्छ होता. त्याने नखाने आकडे चाचपले, फोटो काढला, शिसं घासलं, टेप दाबली, ओढली आणि उजेडात धरली.

टेपवर वेगळाच नंबर होता. एकशे अठरा चारशे सात.

त्याने पुन्हा पत्र्याकडे पाहिलं. पत्र्यावर ग्रॅहमच्याच गाडीचा नंबर, पट्टीवर होता तोच. त्याला वाटलं, आपण वेंधळ्यासारखी जुनी वापरलेली टेप उचलली. त्याने नवं रीळ फोडलं, पत्रा पुसला, पुन्हा घासलं, पुन्हा ओढलं. एकशे अठरा चारशे सात. आणि त्यातला चार किंचित खाली घसरलेला, कारखान्यात ठोकताना ठसा निसटला असावा तसा.

नंबराशी त्याचं भांडण नव्हतं. तसे नंबर त्याने आयुष्यात हजार पाहिले असतील. पण तो घसरलेला चार त्याने एकदाच पाहिला होता.

रिपोर्टात त्याने फोटो लावला. छाप लावला नाही.

"या वेळी चिकटपट्टी नाही?" ग्रॅहमने पाय खाता खाता विचारलं.

"रीळ संपलं," प्रमोद म्हणाला.

"स्वीट ॲज," म्हणजे हरकत नाही, असं म्हणून ग्रॅहम गाडी घेऊन गेला.

३

तो नंबर श्यामच्या गाडीचा होता.

श्याम देशमुख हा प्रमोदचा हॉस्टेलपासूनचा मित्र. दोघे एकाच विमानाने आले, पापाटोएटोत एकाच खोलीत चार वर्षं राहिले, एकच जॅकेट आळीपाळीने घालून इंटरव्ह्यूला गेले. पुढे श्यामने न्यू लिनला घर केलं, दमयंतीशी लग्न झालं, ऋचा झाली. त्याला एकच वेड होतं, १९७०ची नारिंगी चॅलेंजर. २०१५च्या गणपतीत अमेरिकेतल्या एका विकणाऱ्याने पाठवलेले फोटो त्याने मोबाइलवर दाखवले. प्रमोदने सगळ्यांसमोर, मोदक खाता खाता, नुसत्या फोटोंवरून सांगून टाकलं, "डोळे मिटून घे. मी सांगतोय ना." इथल्या मराठी मंडळात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि त्याला ते फार आवडायचं.

गाडी आली ऑक्टोबरात. दसरा गुरुवारी होता, पण आपल्या लोकांनी तो सोयीने शनिवारी केला, आणि गुरुजींनी शनिवारचाही मुहूर्त काढून दिला, दहा चाळीस. अंगणात पन्नास माणसं. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, दमयंती आरतीचं तबक घेऊन उभी. श्यामची इच्छा अशी की छापाचा कागदही पूजेत ठेवायचा. म्हणून दहा वाजता प्रमोद गाडीत शिरला. त्याने छाप घेतला. मग सीटखालचा कागद सापडतो का बघायला मागची सीट उचलली, सतरंजीची कड सोडवली, आणि तिथे मजल्यावर आडवा जोड दिसला.

तो जोड कारखान्यातला नव्हता. पुढचा अर्धा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा. मधोमध कापून दोन्ही एकत्र डागलेले, वर सीलर आणि काळा रंग सफाईने फासलेला. अशी गाडी अंगणात ठेवून बघावी, रस्त्यावर नेऊ नये.

"काय रे, जुळतंय ना सगळं?" श्यामने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं. त्याने पिवळट विणीचा स्वेटर घातला होता, दमयंतीच्या आईने विणलेला. हातात नारळ होता.

आता मुहूर्ताच्या वेळी असलं अभद्र कसं बोलायचं? पन्नास माणसांसमोर, आपणच घे म्हटलेल्या गाडीबद्दल? प्रमोदने सतरंजी होती तशी दाबून बसवली.

"जुळतंय," तो म्हणाला.

दसरा झाला की सांगू, असं त्याने ठरवलं. मग दिवाळी झाली की सांगू. डिसेंबरात एका ओल्या रविवारी, उत्तरेकडच्या वळणावर, श्याम गाडीसकट गेला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही जळाले, त्यामुळे बघण्यासारखं मागे काही राहिलंच नाही. भेटायला आलेली माणसं न्यू लिनच्या हॉलमध्ये खाली बसली होती. कुणीतरी विचारलं, गाडीतच काही दोष होता का? सगळ्यांनी प्रमोदकडे पाहिलं. दमयंतीनेही पाहिलं.

"गाडी उत्तम होती," प्रमोद म्हणाला. "पण श्यामचा पाय जरा जडच होता."

मूग गिळून बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याने तोंड उघडलं, आणि मेलेल्या मित्रावर ढकलून दिलं.

४

ग्रॅहमनंतर एक निळी कॅमारो आली. छाप, एकशे अठरा चारशे सात. मग एक काळी चार्जर. तोच छाप, तोच घसरलेला चार.

प्रमोद इंजिनिअर माणूस, असा सहजासहजी भिणारा नव्हता. त्याने विचार केला. धातूवर घाव बसला की खालपर्यंत दाब जातो. वरचा नंबर घासून काढला तरी खालचा ॲसिडने वर आणता येतो, हे त्याने स्वतः केलेलं होतं. म्हणजे श्यामच्या गाडीचे वाचलेले पत्रे कुणीतरी विकले असणार, आणि ते या गाड्यांना लागले असणार. जळलेले पत्रे? विकले असतील. तीन गाड्यांना? असतील. पण पेन्सिल तर वरचंच वाचते, खालचं वाचत नाही, हेही त्याला माहीत होतं. त्यावर त्याने विचार केला नाही.

त्या रविवारी दुपारी संपदा भात लावत होती. प्रमोद गॅरेजमध्ये गेला आणि घरच्या टोयोटाचा छाप घेतला. ती टोयोटा श्याम गेल्यानंतर वर्षाने घेतलेली. टेप बघून तो आत आला आणि त्याने फ्रिजच्या दारावर शिसं घासायला सुरुवात केली. गुळगुळीत, कोरं, पांढरं दार.

"अरे, काय करतोयस? परवाच पुसलाय मी तो," संपदा म्हणाली.

त्याने टेप ओढली आणि तिच्यापुढे धरली. मनातून त्याची अशी आशा होती की ती म्हणेल, यावर काहीच नाही, तुला झोपेची गरज आहे.

संपदाने चष्मा वर केला. "एकशे अठरा चारशे सात," तिने वाचलं. "हा चार असा खाली का आलाय? कसला नंबर आहे हा?"

प्रमोदने टेप चुरगाळून खिशात घातली आणि भूक नाही म्हणून सांगितलं.

५

बुधवारी दमयंतीचा फोन आला. ती न्यू लिनला लहान मुलांच्या एका सेंटरमध्ये शिकवायची. मागून पोरांचा कलकलाट ऐकू येत होता.

"प्रमोद, शनिवारी सकाळी तुझ्या युनिटवर येऊ का? घरी नको. संपदासमोर नको."

"ये की. काय झालं?"

ती सरळ बोलली. "दीड वर्ष मी श्यामवर चिडलेय. त्याचा फोटो नाही लावला भिंतीवर. त्याचं वर्षश्राद्ध नाही केलं. घरात पोर असताना माणूस मजा म्हणून गाडी पळवतो आणि मरतो, त्याला मी काय हात जोडू? पण परवा ऋचाने विचारलं, आई, बाबा तर माझ्या सायकललासुद्धा हळू म्हणायचा, मग तो कसा काय फास्ट गेला? गाडी तू तपासली होतीस. तू मला नीट सांग. मी चुकीच्या माणसावर चिडलेय का, एवढंच मला कळू दे."

"शनिवारी बोलू," प्रमोद म्हणाला.

६

शुक्रवारी दुपारी युनिटमध्ये एकही गाडी नव्हती. तरी टिकटिक ऐकू येत होती. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेला पत्रा गार होताना करतो ती. प्रमोदने तीनदा बाहेर जाऊन पाहिलं. टायरवाला जेवायला गेला होता. गल्ली रिकामी होती.

फायलींच्या लोखंडी कपाटासमोर तो उभा राहिला. टिकटिक तिथूनच येत होती, किंवा त्याला तसं वाटलं. त्याने घरून आणलेला बटर पेपर कपाटाच्या सपाट दारावर चिकटवला, चांगला हातभर रुंद, आणि सुताराची चपटी पेन्सिल आडवी धरून घासायला लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकदाचं काय ते बघून टाकावं, असं झालं होतं.

आधी नंबर आला. तो यायचाच. प्रमोद थांबला नाही. नंबराखाली बारीक आडव्या-उभ्या रेषा उमटू लागल्या. त्याने स्वतःला समजावलं, हात थरथरतोय, त्याच्या रेषा आहेत. पण रेषांची नीट वीण होती. दोन सुलट, दोन उलट, मनगटाशी घट्ट होत गेलेली. मनगटापुढे चार गोल आले, एका ओळीत, एक जरा लहान. बोटांची टोकं दाराला पलीकडून दाबल्यावर येतील असे.

पेन्सिल वर सरकली. खांदा आला. मग कान, पाळीसकट. मग गालाचं हाड. गाल पत्र्यावर दाबून धरलेला होता, आतून कुणी कान लावून ऐकत असावं तसा. गालाच्या खाली ओठांचा कोपरा उमटला, आणि ओठ उघडे होते.

तिथे प्रमोदने हात आखडला. अजून चार इंच घासलं असतं तर ते तोंड पुरतं आलं असतं. त्याने कागद फाडला आणि कपाटाचं दार उघडलं. आत फायली होत्या, थर्मास होता, जांडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, जुना जोड होता. त्याने दारावर आतल्या बाजूने तळहात ठेवला. पत्रा गरम होता.

७

शनिवारी दमयंती आली ती ऋचाला घेऊनच. अकरा वर्षांची पोर, आईच्या वर उंची गेलेली, जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून उभी राहिली. प्रमोदने चहा विचारला. दमयंती नको म्हणाली.

"हिलाही ऐकू दे," ती म्हणाली. "सांग. गाडीत काही होतं का?"

कपाट तिच्या मागे होतं. टिकटिक सुरू झाली, पण त्या दोघींना ती ऐकू येत नव्हती.

प्रमोदच्या जिभेवर ते आलं होतं, हे मी पैजेवर सांगतो. सतरंजी, जोड, काळा रंग, नारळ, सगळं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याने दमयंतीला नवरा परत मिळाला असता आणि पोरीला बाप. प्रमोदचं काय गेलं असतं? धंदा गेला असता. नाव गेलं असतं. मंडळात आरतीला कुणी शेजारी उभं राहिलं नसतं. कदाचित पोलीस आले असते. दमयंतीने त्याच्याकडे कसं पाहिलं असतं, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"गाडीत काही नव्हतं, दमयंती," तो म्हणाला. "मी स्वतः बघितली होती. सगळं जुळत होतं."

"म्हणजे त्यानेच."

"हो. त्यानेच."

टिकटिक थांबली. इतकी अचानक थांबली की प्रमोदने मान वर केली.

"सो इट वॉज डॅड," ऋचा म्हणाली. रडली नाही. तिने आईचा हात धरला आणि दोघी गाडीकडे चालत गेल्या.

८

सोमवारी त्याने एका हिरव्या मस्टँगचा छाप घेतला. टेप कोरी आली. नुसती काळी पट्टी, एक आकडा नाही. नखाला नंबर लागत होता, खोल ठोकलेला, पण टेपवर उमटत नव्हता. त्याने पेन्सिल बदलली, टेप बदलली. फ्रिजवर करून पाहिलं, टोयोटावर करून पाहिलं. काळी पट्टी.

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. सुटलो, असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा. छाप कोण मागतंय? महिनाभर त्याने फोटोंवर काम चालवलं, छान जेवला, शांत झोपला. मधूनच मोबाइल त्याचा अंगठा ओळखेनासा झाला, पण थंडीत होतं तसं.

ऑगस्टमध्ये दमयंतीचा फोन आला. ऋचा शाळेच्या भाषण स्पर्धेत फायनलला पोहोचली होती. "तू ये," ती म्हणाली. "तू खरं सांगितलंस म्हणून पोर उभी राहिली. नाहीतर दोघी झुरत बसलो असतो."

शाळेच्या ऑफिसात पाहुण्यांची वही होती. दमयंतीने सही केली, मग प्रमोदने केली.

"किया ओरा," काउंटरवरची बाई नमस्कारादाखल, पण त्याच्यामागे कुठेतरी बघत म्हणाली. "सही राहिली वाटतं."

प्रमोदने वहीत पाहिलं. त्याची ओळ कोरी होती. त्याने पुन्हा सही केली, पेन दाबून. कागदावर ओरखडासुद्धा उठला नाही. "पेन सुकलं असेल," म्हणून दमयंतीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि त्याच पेनाने त्याचं नाव लिहिलं. येण्याचं कारण या रकान्यात तिने लिहिलं, फॅमिली.

हॉलमध्ये दोघे पहिल्या रांगेत बसले. बाहेर पाऊस होता, मुलं ओली ओली आत येत होती. ऋचाचं नाव पुकारलं. तिने जॅकेट काढून आईकडे दिलं आणि स्टेजवर गेली. मागे पडद्यावर श्यामचा फोटो आला. "माय डॅड ड्रोव्ह टू फास्ट," तिने सुरुवात केली. आवाज अजिबात कापत नव्हता. गाडीत काही दोष नव्हता, ती म्हणाली, बाबाच्या सर्वांत जवळच्या मित्राने ती तपासली होती, आणि तो मित्र आज इथे बसलेला आहे. तिने पहिल्या रांगेकडे बोट केलं.

दोनशे माणसं वळली. प्रमोदने कसनुसा चेहरा करून मान थोडी झुकवली. पण कुणाची नजर त्याच्यावर थांबेना. ती त्याच्या खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर गेली, तिथून मागे आली, पुन्हा गेली. ऋचाचं बोट हवेतच राहिलं. दमयंतीने शेजारी पाहिलं, मग दाराकडे, मग घड्याळाकडे, आणि तिने ऋचाचं ओलं जॅकेट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. ते प्रमोदच्या मांडीवर जड आणि गार पडलं.

"दमयंती," तो म्हणाला. ती स्टेजकडे बघत राहिली.

तेव्हा मात्र तो उठला, जॅकेट खाली घसरलं, आणि तो ओरडला, जेवढा आवाज होता तेवढ्याने. "मजल्यावर जोड होता. मी पाहिला होता. श्याम हळूच चालवत होता, दमयंती, त्याची काही चूक नव्हती." त्याने ते मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, ऋचाच्या तोंडापुढे जाऊन सांगितलं.

ऋचा त्याच्या आरपार आईकडे बघत होती. तिने शेवटचं वाक्य घेतलं, ही कोज्ड इट, अँड आय स्टिल मिस हिम, आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. दमयंतीने वाकून खाली पडलेलं जॅकेट उचललं, झटकलं, आणि तीही टाळ्या वाजवू लागली.